समोर मेलेले फोन

व्यंकटीमामांच्या दुकानाला नाव नव्हतं. पाटी होती, पण तिच्यावर ना मालकाचं नाव, ना देवाचं, ना फोन नंबर. पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगात एकच ओळ होती: 'समोर मेलेले फोन इथं जिवंत होतात.'

समोर म्हणजे रस्त्यापलीकडं बालाजीचं मोबाईलचं दुकान होतं. काचेचा दरवाजा, एसी, फिरत्या खुर्च्या, सगळा थाट. पाटी रंगवणाऱ्यानं म्हणे मामांना विचारलं होतं, "मामा, असं उघडउघड लिहू?"

मामा म्हणाले, "मग काय चोरून लिहितो का?"

नांदेडात वजिराबादच्या त्या गल्लीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. माझ्या आणि मामांच्या दुकानात फक्त प्लायवूडचं पार्टिशन, तेही वरून उघडं. त्यामुळे मामांकडचं सगळं बोलणं मला न ऐकण्याची सोय नव्हती. मी तटस्थ साक्षीदार आहे असं मात्र कुणी समजू नये. माझाही एक फोन बालाजीनं मारला होता. मामांचं दुकान उघडलं त्या दिवशी मी स्वतःच्या पैशानं गल्लीत पेढे वाटले होते.

मामा हदगावच्या पुढच्या एका खेड्यातले. पन्नाशी उलटून बरीच वर्षं झालेली. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी आणि गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग. उभा जन्म औत हाकण्यात गेलेला, त्यामुळे पंजे असे की त्यात फोन काडेपेटीसारखा दिसायचा. नवं गिऱ्हाईक दारातच अडखळायचं. फोनवाला कोण आहे म्हणून आत डोकवायचं आणि मामांनाच विचारायचं, "मालक कुठं गेले?"

"आले होते, जेवायला गेले," मामा सांगायचे आणि त्याच्या हातातला फोन काढून घ्यायचे.

पडदा बदलणं, बॅटरी बदलणं असलं काम ते करत नसत. फक्त आतलं बघायचे. फोनमध्ये कंपनीनं घातलेलं एक मूळ सॉफ्टवेअर असतं. ते बिघडलं की फोन चालू होताना कंपनीच्या नावावरच अडकून बसतो, पुढं सरकतच नाही. मग ते मूळचं पुन्हा भरावं लागतं. त्याला फ्लॅश मारणं म्हणतात. पण त्यात एक मेख आहे. ते दोन तऱ्हांनी करता येतं. एका तऱ्हेत फोन आधी पार पुसून कोरा करायचा आणि मग भरायचा. काम झटपट होतं, पण आतले फोटो, आवाज, निरोप, सगळं जातं. दुसऱ्या तऱ्हेत आतल्या वस्तूंना हात न लावता फक्त बिघडलेला भाग बदलायचा. त्याला नेमकी फाइल शोधावी लागते आणि डोकं जागेवर ठेवावं लागतं. बालाजी सगळ्यांना पहिलीच तऱ्हा लावायचा, तीही न विचारता.

"दरवाजा अडकला म्हणून हा घरच पाडतो," मामा म्हणायचे, "आन नवं बांधून म्हणतो, बगा कसं चकाचक झालं!"

बालाजीचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ते त्याला फक्त 'समोरचा' म्हणायचे. त्याच्याशी बोलायचे तर मुळीच नाहीत. रस्त्यात आमनेसामने आले आणि बोलल्याशिवाय गत्यंतर नसलं, तर माझ्याकडं बघून म्हणायचे, "ताई, समोरच्याला सांगा, गाडी बाजूला घे."

फोन हातात घेतला की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आत काय हाय?"

लोक गोंधळायचे. आत काय असणार? "फोटोबिटो," असं म्हणून मोकळं व्हायला बघायचे. मामा सोडायचे नाहीत. कुणाचे फोटो, कसले, दुसरीकडं ठेवलेत का, ते गेले तर चालेल का. एखाद्या बाईला सांगता सांगता हुंदका यायचा, मग मामा तिला माझ्याकडं पाणी प्यायला पाठवायचे. उत्तर मिळाल्याशिवाय ते फोनला वायर लावत नसत.

मग पुढचं सगळं विधिपूर्वक. आधी फोन पोटभर चार्ज करायचा. "उपाशी बैलाला औताला जुंपतेत का?" मग भिंग लावून मागचा मॉडेल नंबर अक्षर न अक्षर वाचायचा, कारण एकाच नावाच्या फोनच्या चार जाती असतात आणि चारही जातींचं सॉफ्टवेअर वेगळं. "आमच्या गावात व्यंकटी नावाचे लई जण हायत. म्हणून एकाच्या सातबाऱ्यावर दुसऱ्यानं सही करायची का?" फोनमध्ये आधीच नवं सॉफ्टवेअर असेल तर त्याच्यावर जुनं कोंबायचं नाही. "वाढलेल्या पोराला झबलं घालायला गेलं तर फाटणारच." जेवढं वाचता येईल तेवढं आधी वाचून कॉम्प्युटरवर काढून ठेवायचं, आणि मगच लिहायचं. लाइट गेली तरी काम थांबू नये म्हणून इन्व्हर्टर. आणि एकदा सॉफ्टवेअर भरायला लागलं की वायरवर खांद्यावरची दस्ती पांघरायची, म्हणजे कुणाचा चुकून हात लागायला नको. कॉम्प्युटरवरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत मामा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे. बोलायचे नाहीत, चहा आला तरी हात लावायचे नाहीत.

शेवटी फोन चालू व्हायचा. तो क्षण मलाही ओळखू यायला लागला होता. फोननं 'भाषा कोणती' असं विचारलं, तर तो कोरा झाला, आतलं सगळं गेलं. त्यानं कुलपाची नक्षी, म्हणजे पॅटर्न, मागितली, तर मालकाला ओळखतो, सगळं आहे. नक्षी मागितली की गिऱ्हाईक टाळी वाजवायचं. मामा मात्र आधी समोर बघायचे.

कारण तो फोन समोरून 'मेला' म्हणून परत आलेला असला, तर मामा उठून खिळ्यावरची घुंगरमाळ काढायचे, दारात उभे राहायचे आणि काचेच्या दरवाज्याकडं तोंड करून ती एकदा खळखळून वाजवायचे. मग माळ खिळ्याला आणि मामा जागेवर. मला ती माळ वाजली की फार बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

माळ हौश्याची होती.

हौश्या म्हणजे मामांचा लाल कंधारी बैल. त्याच्याविषयी मामा सलग कधी बोलले नाहीत. जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी. घरच्या गाईचा गोऱ्हा होता. लंपीच्या साथीत गेला. त्याचा एकच व्हिडिओ होता, मामांच्या फोनमध्ये. दुसरं काही नाही, एक फोटोसुद्धा नाही. "माणसाचं काय हाय ताई, मेला तरी आधार कार्डावर तोंड ऱ्हातं. बैलाचं काय ऱ्हातं? कानातला बिल्ला."

हौश्या गेल्यावर काही दिवसांनी तो फोन बिघडला. सारखा बंद पडायचा, मधेच कधी पाच-दहा मिनिटं चालायचा, पुन्हा कंपनीच्या नावावर अडकायचा. मामा बसनं नांदेडला आले आणि चांगलं दुकान बघून बालाजीकडं गेले. त्यांनी सांगितलं, "आत माझ्या बैलाचा व्हिडिओ हाय, तेवढा जपा." आणि नशीब असं की बालाजीच्या हातात फोन चालू झाला. बालाजीनं व्हिडिओ लावला. दुकानातल्या पोराटोरांना जवळ बोलावलं, "आरं या, पिक्चर बगा!" चौघांनी मिळून पाहिला आणि पोट धरून हसले. फोन चालू होता, वायर टेबलावर पडली होती. तेवढ्या वेळात तो व्हिडिओ काढून ठेवता आला असता. त्यांनी तो दुसऱ्यांदा लावला आणि दुसऱ्यांदा हसले. मग फोन पुन्हा अडकला. बालाजीनं पुसून टाकायचं बटण दाबलं.

"घ्या मामा, नवाकोरा!"

"माझा हौश्या?"

"बैलच होता ना? लोकांचे लग्नाचे व्हिडिओ जातेत, ते बी गप बसतेत." आणि मग त्यानं मामांच्याच आवाजात, व्हिडिओत मामांनी मारली होती तशी हाक मारून दाखवली. "ये रे हौश्याऽऽ!"

हे मला सांगताना मामांचा आवाज चढला नव्हता. "गेला म्हणून राग न्हाई ताई. चुकीनं गेला असता तर मी रडून गप बसलो असतो. त्यानं पाहिलं. हसला. मग पुसलं. पाहून पुसलं ना त्यानं."

माणूस अशा वेळी काय करतो? भांडतो, शिव्या देतो, फार तर काच फोडतो. मामांनी शेती धाकट्या भावाच्या हवाली केली आणि औशाला बहिणीकडं जाऊन राहिले. तिथून रोज बसनं लातूर, लातुरात मोबाईल दुरुस्तीचा क्लास. वर्गात सगळी मिसरूड फुटलेली पोरं, ती ह्यांना 'आजोबा, झाडू मारायला आलाव का' म्हणायची. घरचे म्हणाले, बैलापायी म्हातारं येडं झालं. मी एकदा विचारलं, एवढं किचकट काम ह्या वयात डोक्यात शिरलं कसं? मामा म्हणाले, "मास्तरनं शिकवलेलं माणूस इसरतो. सुडानं शिकवलेलं इसरत न्हाई."

शिकून परत आल्यावर त्यांना नांदेडात दोन-तीन ठिकाणी चांगल्या जागा मिळत होत्या, चौकातल्या, येण्याजाण्याच्या. त्यांनी ही बोळकंडी घेतली. घरमालकानं समजावलं, समोरच एवढं मोठं मोबाईलचं दुकान आहे, तुम्ही चालणार नाही. मामा म्हणाले, "समोर हाय म्हणूनच घेतो."

बालाजीनं मारलेला प्रत्येक फोन मामांना पूर्ववत करता येत असे, असं मात्र नाही. एकदा पुसलं ते पुसलं. फोन चालू व्हायचा, पण भाषा विचारायचा. मामा आधीच सांगून टाकायचे, "जीव येईल. आठवण येणार न्हाई." आणि अशा वेळी त्यांनी जी रीत काढली होती तिला मी आजही मनातल्या मनात दाद देते. ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "आता समोर जा. भांडू नका, शिवी देऊ नका, काही मागू नका. आत काय काय होतं तेवढं त्याला बसून सांगा. एकेक करून."

हदगावच्या एक शिक्षिका होत्या. त्यांनी आयुष्यभर काढलेल्या रांगोळ्यांचे फोटो फोनमध्ये होते, ते सगळे गेले. बाई तरातरा समोर गेल्या, एसीतल्या फिरत्या खुर्चीवर पदर सावरून बसल्या आणि सुरू झाल्या. "पहिली मोराची. नागपंचमीला काढली होती. पिसाऱ्यात निळा कमी पडला म्हणून जांभळा घातला." मी काम सोडून दारात उभी राहिले. बाईंचा आवाज वर्गात कमावलेला, रस्त्यापलीकडून स्वच्छ ऐकू येत होता. बालाजी आधी हसला, मग 'बरं बरं मॅडम' म्हणाला, मग घड्याळात बघायला लागला. बाई दिवाळीपर्यंत पोचल्या तेव्हा दुकानातली गिऱ्हाइकं एकेक करून सटकायला लागली होती. एकानं तर बालाजीच्या टेबलावर उघडून ठेवलेला आपला फोन उचलला आणि रस्ता ओलांडून थेट मामांकडं आला. मामांनी त्याला विचारलं, "आत काय हाय?"

असे कितीतरी लोक त्यांनी समोर पाठवले. हलगीवाला आला, त्यानं गेलेल्या बोलांचे ठेके टेबलावर वाजवून दाखवले. एका आजीबाईंचा तर फोन कुणा दुसऱ्यानंच बिघडवला होता. मामांनी तो नीट करून दिला, तरी त्या जाता जाता समोर बसून चार गोष्टी सांगून आल्या. बालाजी दारात मामांचं गिऱ्हाईक दिसलं की आतल्या खोलीत पळायचा.

तोही काही गप बसणारातला नव्हता. इकडं माळ वाजली की तिकडून काच उघडायची आणि हाक यायची, "ये रे हौश्याऽऽ!" मागं पोरांचा हशा. मामा त्या वेळी मान वर करत नसत. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, भिंग हातात तसंच राहायचं. माझा तर संताप व्हायचा. एकदा मी झेरॉक्सच्या कागदाचं अख्खं रीम उचलून निघाले होते, त्याच्या डोक्यात घालायला. मामांनी प्लायवूडवर बोटानं टकटक केलं.

"राहू द्या ताई," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "पण हाक बरोबर मारतो हरामखोर. शेवटचा चढ अगदी तसाच. मला आता तशी येत न्हाई."

हे त्यांनी का सांगितलं ते मला तेव्हा समजलं नाही.

गल्लीतल्या एका बुजुर्ग कापडवाल्यानं एकदा मध्यस्थी केली. बालाजीचा धंदा बसत चालला होता आणि तो तडजोडीला तयार होता. निरोप असा होता की बालाजी मामांना एक लाल कंधारी वासरू घेऊन देतो, पाटी काढा आणि माळ बंद करा. मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला म्हणावं, उद्या तुझा बाप मेला की मी तुला दुसरा म्हातारा आणून दीन. त्यालाच आबा म्हण."

कापडवाला चपला घालून निघून गेला. मलाही ते जास्त झालं असं वाटलं. मामांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "बोललो ते बोललो."

बालाजीचे वडील पुढं खरंच गेले. मामांच्या बोलण्यानं नव्हे, म्हातारपणानं. बातमी आली त्या दिवशी मामांनी माळ खिळ्यावरून काढून पिशवीत ठेवली. तेरावा होईपर्यंत समोर मेलेले दोन फोन त्यांच्या हातून जिवंत झाले, पण माळ निघाली नाही. "दुखवट्यात वाजवायची न्हाई," ते म्हणाले. "सूड हाय ताई. इमान सोडलं न्हाई." चौदाव्या दिवशी माळ पुन्हा खिळ्यावर आली आणि दुपारी वाजलीसुद्धा. त्या दिवशी समोरून हाक आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

आणि मग एका सकाळी बालाजी रस्ता ओलांडून इकडं आला.

मामांच्या दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. बालाजी उंबऱ्यावर उभा राहिला. हातात स्वतःचा फोन. कंपनीचं नाव उजळत होतं, विझत होतं, पुन्हा उजळत होतं.

"मामा," तो म्हणाला, "ह्याला हात लावायची हिंमत होईना."

मामा भिंग पुसत होते. त्यांनी प्लायवूडच्या वरून मला हाक मारली. "ताई, समोरच्याला बसायला सांगा."

मी माझ्या दुकानातून उठून त्यांच्या दारात आले. बालाजी स्टुलावर बसला. एसीतला माणूस, घामानं निथळत होता.

"ताई, समोरच्याला विचारा, आत काय हाय?"

"आत काय आहे?" मी विचारलं. विचारताना मला गुदगुल्या होत होत्या. इतकी वर्षं हा प्रश्न ह्या माणसानं कुणाला विचारला नव्हता.

बालाजी खाली बघून पुटपुटला.

"ऐकू येईना म्हणावं."

"आबा हाय," बालाजी म्हणाला. "आबाच्या शिव्या हायत."

गिऱ्हाइकांत खसखस पिकली. बालाजी मान खाली घालूनच सांगत राहिला. आबा गावाकडं राहायचे. त्यांचा फोन हा उचलायचाच नाही, म्हणून नातवानं त्यांना बोलून निरोप पाठवायला शिकवलं होतं. मग काय, आबा उठल्यापासून निरोप पाठवायचे. निरोप म्हणजे शिव्याच. ह्यानं त्यांतले निम्मे कधी ऐकलेसुद्धा नव्हते. आता म्हातारा गेल्यावर ऐकायला बसला, तर फोन अडकला. टेबलावर कॉम्प्युटर होता, वायर होती, जन्मभर दाबलेलं ते पुसायचं बटणही होतं, पण त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

मामांनी हात पुढं केला. बालाजीनं फोन दिला. पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. चार्जिंग. भिंग. मॉडेल नंबर. फाइल शोधायला बराच वेळ गेला, कारण पहिली सापडली ती मामांना पसंत पडली नाही. मग वायर, वायरवर दस्ती, मांडीवर हात. पट्टी निम्मी भरली आणि लाइट गेली. इन्व्हर्टरनं सांभाळून घेतलं, पण बालाजी दचकून वायरकडं झेपावला. मामांनी त्याच्या हातावर फटका मारला. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला केलेला तो पहिला स्पर्श.

फोन चालू झाला. कंपनीचं नाव आलं आणि तसंच राहिलं. मी मनात म्हणत होते, भाषा विचार. खरंच म्हणत होते. विचार रे भाषा, कळू दे ह्याला.

फोननं नक्षी मागितली.

बालाजीनं नक्षी काढली. फोन घ्यायला त्यानं हात पुढं केला, पण मामांनी तो आपल्याकडं ओढला. "आवाज तपासावा लागतो," ते हवेत म्हणाले, आणि एक निरोप लावून आवाज पूर्ण वाढवला.

"आरं ए बाळ्या, मुडद्या! फोन कामून उचलंना? लई मोठा दुकानदार झाला का? म्हैस व्याली! साऱ्या गावाला माहीत हाय, तुला तेवढं माहीत न्हाई! लोकांचे फोन दुरुस्त करतो म्हणं! बापाचा उचलता येईना तुला, गाढवा!"

दुकान हसून लोटपोट झालं. रस्त्यावरचे लोक थांबले. मीही हसले, अगदी मनापासून हसले. सूड असावा तर असा, प्रत्यक्ष बापाच्या तोंडून आणि भर बाजारात. पण बालाजीकडं बघितलं तर तोही हसत होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि तो हसत होता. "आबाच हाय," तो प्रत्येकाला सांगत होता, "आबाच हाय बगा."

मामा हसत नव्हते. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. त्याला मिळाला होता. त्याचा आबा त्याला परत मिळाला होता.

बालाजीनं खिशात हात घातला.

"पैसे नगं," मामा म्हणाले. माझ्याकडं बघून नव्हे. सरळ त्याच्या तोंडाकडं बघून. "सांग."

"काय सांगू?"

"आत काय होतं ते सांग. माझ्या फोनमधी. शेवटचा तूच पाहिला होतास. दोनदा."

बालाजीनं आमच्याकडं बघितलं. आता कुणी हसत नव्हतं. तो अडखळत बोलायला लागला. बांधावर बाभळीखाली बैल उभा होता. पाठमोरा. मामांनी हाक मारली. बैलानं नुसता कान मागं केला, आला नाही, मुद्दाम ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मामांनी पुन्हा हाक मारली. मग तो पुरता वळला आणि चालत आला.

"पळत?"

"न्हाई. चालतच. घाई न्हाई काही. तोंडाला हिरवं लागलेलं होतं. जवळ आला, लई जवळ आला, आन जिभंनं कॅमेराच चाटला. मग काळंच झालं सगळं. आन तुम्ही हसलाव. तुमचा हसायचा आवाज होता शेवटाला."

मामांनी डोळे मिटले होते. मग म्हणाले, "उद्या ये."

"कामून?"

"तुझं शटर उघडायच्या आधी ये. रोज ये. सांग, आन जा."

"किती दिवस मामा?"

"मी हाय तवर."

गल्लीत बोलवा झाली की मिटलं. कापडवाल्यानं मामांची पाठ थोपटली, माफ केलंत, मोठ्या मनाचे आहात म्हणाला. मामा त्याच्यावर असे खेकसले की तो चपला विसरता विसरता वाचला. "माफ? मी कामून माफ करू? माझा हौश्या त्याच्या डोक्यात हाय. त्याला मोकळा सोडू व्हय?" पाटी तिथंच राहिली. माळही राहिली, आणि समोर मेलेला फोन इकडं जिवंत झाला की ती वाजतही राहिली. बालाजी मात्र आता गिऱ्हाइकाला विचारायला लागला होता, असं ऐकलं. विचारायला लागला, पण पुसणं काही त्याला सोडता आलं नाही.

पुढं माझ्या यजमानांची लातूरला बदली झाली आणि मी दुकान आवरलं. सकाळी झेरॉक्सचं मशीन टेम्पोत चढवत होते तेव्हा बालाजी रस्ता ओलांडून आला. आता तो चपला काढून पायरीवर उभा राहायचा. मामा आत स्टुलावर, डोळे मिटून. बालाजी पाठ केल्यासारखं सांगत गेला. बांध, बाभूळ, पाठमोरा बैल.

"कान?" मामांनी विचारलं.

"डावा," बालाजी म्हणाला, आणि पुढं सरकला. पुरता वळला, चालत आला, हिरवं तोंड, जीभ, काळं. सांगून झालं तसा तो चपला घालायला वाकला.

"हाक राहिली," मामा म्हणाले.

बालाजीनं मागं बघितलं. शाळेची पोरं चालली होती, भाजीची गाडी उभी होती, त्याचंच एक गिऱ्हाईक काचेच्या दारापाशी खोळंबलं होतं. "मामा, लोक हायत."

"तवा बी होते."

बालाजी पायरीवर सरळ उभा राहिला. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि भर रस्त्यात ओरडला, "ये रे हौश्याऽऽ!" पोरं फिदीफिदी हसली. भाजीवाला वळून बघायला लागला. चढ अगदी तसाच होता.

मामांनी मान किंचित कलती केली, लांबून कुणी येतंय का ऐकावं तशी. डोळे उघडले नाहीत.

"पुन्हा," ते म्हणाले.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, मी चढून बसले. गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत दुसरी हाक मला ऐकू आली.